यादी आली, गाणं कुठे अडलं?

रविवारची सकाळ आहे आणि घरात अभंग लावायचे आहेत. रात्री फोनवर व्यवस्थित वाजलेली प्लेलिस्ट टॅबलेटवर उघडली, तर त्यातली पाच-सहा गाणी राखाडी झालेली. कितीही वेळा बोट लावलं तरी ढिम्म. एक अभंग वाजतो, पण भलत्याच मैफलीतला. दिवाणखान्यातला आणि स्वयंपाकघरातला असे दोन्ही स्पीकर एकदम लावले तर आवाज घुमायला लागतो. दुपारी गाडीत पेनड्राइव्ह लावला की पडद्यावर प्रत्येक गाणं दोनदा दिसतं आणि त्यातलं एक मुकं निघतं. खातं एक, पासवर्ड एक, महिन्याची वर्गणीही एकच. मग प्रत्येक यंत्राचं गाऱ्हाणं वेगळं का?

यावर बहुतेक घरांत एकच उपाय होतो: ॲप काढून टाकायचं आणि पुन्हा घ्यायचं. कधी त्याने काम भागतं. पण पुष्कळदा डाउनलोड केलेली सगळी गाणी त्यात जातात आणि मूळ दोष जिथल्या तिथे राहतो.

गाणं एका यंत्रावर वाजलं आणि दुसऱ्यावर अडलं, तर ते चारपैकी एका टप्प्यावर अडलेलं असतं. पहिला टप्पा यादीचा, दुसरा फाइलचा, तिसरा परवानगीचा आणि चौथा यंत्रापासून कानापर्यंतच्या प्रवासाचा. प्रत्येक टप्प्यावरच्या बिघाडाची लक्षणं निराळी असतात. ती ओळखता आली की काहीही न पुसता दोष सापडतो.

सिंक होते ती यादी

महिन्याच्या वाणसामानाची यादी घरातल्या चौघांच्या फोनवर पाठवली, म्हणून चौघांच्या डब्यांत तांदूळ येत नाहीत. यादी क्षणात पोचते; सामान दुकानातून आणावं लागतं. संगीताच्या ॲपमधलं ‘सिंक’ मुख्यतः या यादीचं असतं. कोणतं गाणं, कोणत्या क्रमाने, कोणत्या प्लेलिस्टमध्ये, एवढी नोंद कंपनीच्या सर्व्हरवर ठेवली जाते आणि त्या खात्याच्या प्रत्येक यंत्राकडे धाडली जाते.

दोन्हींच्या आकारात केवढा फरक आहे ते पाहा. एका गाण्याची नोंद काहीशे बाइटांत मावते. तेच चार मिनिटांचं गाणं सेकंदाला २५६ किलोबिट या दर्जात साठवलं, तर सुमारे ७.७ मेगाबाइट जागा घेतं. पन्नास गाणी म्हणजे जवळजवळ ३८५ मेगाबाइट. त्यामुळे टॅबलेटवर पन्नास नावं दोन सेकंदांत उमटतात. गाणी मात्र तेव्हाच येतात, जेव्हा त्या टॅबलेटवर वेगळं ‘डाउनलोड’ दाबलेलं असतं, जागा शिल्लक असते आणि ॲपला त्या क्षणी वापरात असलेल्या जोडणीवरून गाणी उतरवायची मुभा असते. अनेक ॲपमध्ये ‘डाउनलोड फक्त वाय-फायवर’ हे आधीपासूनच निवडलेलं असतं. फोनवर उतरवलेलं गाणं टॅबलेटवरही उतरलं असेल, हा समज इथेच खोटा ठरतो.

याची परीक्षा सोपी आहे. यंत्र विमान मोडवर टाकायचं आणि प्लेलिस्ट उघडायची. जे वाजतं ते यंत्रात आहे. जे राखाडी होतं त्याचं फक्त नाव आलेलं आहे. लोणावळ्याच्या घाटात शिरण्याआधी ही परीक्षा घरीच घेतलेली बरी.

यादीतही गोंधळ होतो, आणि तो वेळेचा असतो. समजा, फोनला नेटवर्क नसताना कोणी प्लेलिस्टमधून तीन गाणी काढली. त्याच वेळी घरातल्या लॅपटॉपवर दुसऱ्याने त्याच प्लेलिस्टमध्ये दोन गाणी घातली. फोन पुन्हा जोडला गेला की खरी यादी कोणती मानायची? कुठली नोंद आधीची आणि कुठली नंतरची हे एकमेकांपासून दूर असलेल्या यंत्रांनी ठरवायचं कसं, हा संगणकशास्त्रातला मूलभूत प्रश्न आहे. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ साली त्यावर लिहिलेला निबंध आजही अभ्यासला जातो. काही सेवा दोन्ही बदल एकत्र करतात. काही ‘शेवटची नोंद खरी’ हा साधा नियम लावतात, आणि मग एकाचे बदल दिसेनासे होतात.

म्हणून सिंक आणि राखीव प्रत यांत गल्लत करू नये. राखीव प्रत चुकून पुसलेलं परत देते. सिंक ते पुसणंसुद्धा इमानाने प्रत्येक यंत्रावर पोचवतं.

नाव तेच, गाणं दुसरं

भलत्याच मैफलीतला अभंग वाजला, त्याचं मूळ जुळवणीत असतं. ॲपलने २०११ साली ‘आयट्यून्स मॅच’ ही सेवा आणली. वापरणाऱ्याच्या संगणकावरची गाणी ती कंपनीच्या भांडारातल्या गाण्यांशी ताडून बघत असे. जुळलेलं गाणं अपलोड करावं लागत नसे. बाकीच्या यंत्रांवर भांडारातलीच प्रत दिली जाई. यात वेळ आणि डेटा दोन्ही वाचत. वाणसामानाच्या यादीवर नुसतं ‘तांदूळ’ लिहिलं की दुकानदार त्याच्याकडचा तांदूळ देतो, तसं हे होतं. घरी आंबेमोहोर हवा होता की कोलम, हे यादीत नसतं.

२०१५ साली ‘ॲपल म्युझिक’ सुरू झालं, तेव्हा त्यातली जुळवणी गाण्याचं शीर्षक, कलाकार, अल्बम अशा लेखी माहितीवर आधारलेली होती. स्टुडिओतल्या मूळ गाण्याच्या जागी मैफलीतलं गाणं येण्याच्या तक्रारी झाल्या. २०१६ मध्ये कंपनीने ‘आयट्यून्स मॅच’मधली ध्वनिठशाची पद्धत तिथेही लागू केली.

ध्वनिठसा म्हणजे गाण्याच्या आवाजातूनच काढलेली खूण. ध्वनीच्या आलेखात जिथे जिथे ठळक शिखरं दिसतात, त्यांची वारंवारता आणि त्यांच्यामधलं वेळेचं अंतर टिपलं जातं. त्या ठिपक्यांची रचना प्रत्येक ध्वनिमुद्रणाची वेगळी असते. २००२ साली ब्रिटनमध्ये सुरू झालेली ‘शॅझम’ सेवा याच तत्त्वावर चालते. सुरुवातीला तिथे लोक २५८० हा क्रमांक फिरवून फोन स्पीकरसमोर धरत आणि गाण्याचं नाव त्यांना एसएमएसने कळे.

हिंदुस्थानी संगीतात लेखी जुळवणी विशेष फसते. एकाच गायकाचा एकच राग ७८ आरपीएमच्या तबकडीवर तीन-साडेतीन मिनिटांत संपतो, एलपीच्या एका बाजूवर वीसेक मिनिटं चालतो आणि मैफलीच्या मुद्रणात तासभर फुलतो. शीर्षकात रागाचं आणि कलाकाराचं नाव तिन्ही वेळा तेच. त्यातून रोमन लिपीत तेच नाव चार तऱ्हांनी लिहिलेलं असतं. अशा वेळी दोन्ही यंत्रांवर गाण्याची लांबी बघावी. फोनवर २१ मिनिटं आणि टॅबलेटवर ५४ मिनिटं असतील, तर यंत्र बिघडलेलं नाही. जुळवणी चुकलेली आहे. मूळ फाइल हाताशी असेल तर ती जोडणं शक्य असतं. म्हणून ‘जुळलं’ असा शेरा दिसला तरी आपली फाइल पुसू नये.

फाइल आहे, पण वाचता येत नाही

फाइल यंत्रात आहे, तरी गाणं वाजत नाही. इथे प्रश्न साठवणीच्या पद्धतीचा असतो. सीडीवर आवाजाचे दर सेकंदाला ४४,१०० नमुने घेतलेले असतात, प्रत्येक नमुना १६ बिटांचा आणि डावी-उजवी अशा दोन वाटा. गुणाकार केला तर सेकंदाला १,४११ किलोबिट होतात. हा पसारा कमी करण्याच्या पद्धतीला ‘कोडेक’ म्हणतात. एमपी३ आणि एएसी हे कोडेक कानाला सहसा न जाणवणारा तपशील गाळून टाकतात. फ्लॅक आणि ॲपल लॉसलेस काहीही न गाळता फक्त घट्ट बांधणी करतात. एमपी३ जवळपास प्रत्येक यंत्राला कळतं. फ्लॅकचं तसं नाही: अँड्रॉइड फोन ते सहज वाजवतात, पण ॲपलच्या संगीत ॲपमध्ये ती फाइल घेता येत नाही.

याहून फसवी गोष्ट म्हणजे फाइलच्या नावाचं शेपूट. ‘एम४ए’ असं शेपूट असलेल्या फाइलमध्ये एएसी असू शकतं किंवा ॲपल लॉसलेसही असू शकतं. म्हणून एकाच फोल्डरमधली दोन ‘एम४ए’ गाणी गाडीत घातली, की एक वाजतं आणि दुसरं वाजत नाही. ‘मीडियाइन्फो’सारखं मोफत साधन फाइल उघडून आतला कोडेक सांगतं. शेपटाचं नाव बदलून आतलं काही बदलत नाही. एमपी३ फाइलचं फ्लॅकमध्ये रूपांतर केलं, तर एकदा गाळलेला तपशील परत येत नाही. फाइल तेवढी फुगते.

गाडीतल्या ‘जुळ्या’ गाण्यांचं कोडं मॅक संगणकाशी निगडित आहे. पेनड्राइव्ह सहसा फॅट३२ किंवा एक्सफॅट पद्धतीने आखलेला असतो. मॅक त्यावर गाणं उतरवताना त्या गाण्याबद्दलची जादा माहिती शेजारी एका छोट्या फाइलमध्ये ठेवू शकतो. तिचं नाव गाण्याचंच, फक्त सुरुवातीला टिंब आणि अधोरेषा. मॅकवर ती लपलेली राहते. गाडीच्या स्टिरिओला मात्र ती गाणं वाटते, कारण शेपूट एमपी३चं आहे. ती निवडली की शांतता. काही केबींच्या या फाइली काढून टाकल्या की जुळी नाहीशी होतात.

क्रमाचंही असंच. बरेच कार स्टिरिओ गाणी नावाप्रमाणे लावत नाहीत. पेनड्राइव्हवर जी आधी लिहिली गेली ती आधी वाजवतात. नाट्यगीतांचा क्रम हवा असेल, तर फाइली एकेक करून त्याच क्रमाने उतरवाव्या लागतात. पेनड्राइव्ह स्टिरिओला दिसतच नसेल, तर तो एनटीएफएस किंवा एक्सफॅट पद्धतीने आखलेला आहे का ते बघावं. जुन्या स्टिरिओंना अनेकदा फक्त फॅट३२ कळतं.

मराठी नावांचं काय होतं?

मराठी श्रोत्यांना एक जादा अडचण सोसावी लागते. नाव देवनागरीत लिहिलं की काही यंत्रांवर ते ओळखू येत नाही. गाण्याचं नाव, कलाकार ही माहिती फाइलमध्येच ‘टॅग’ म्हणून लिहिलेली असते. एमपी३साठीचा पहिला टॅग, आयडी३, एरिक केम्प यांनी १९९६ साली तयार केला. तो फाइलच्या शेवटी चिकटवलेला १२८ बाइटांचा तुकडा होता. त्यात शीर्षकाला ३० बाइट आणि कलाकाराला ३० बाइट. रोमन लिपीचं एक अक्षर एका बाइटात बसतं. देवनागरीचं प्रत्येक व्यंजन, स्वर आणि मात्रा आज सर्वत्र चालणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत तीन-तीन बाइट घेते.

‘भीमसेन जोशी’ हे नाव घ्या. भ, ईची मात्रा, म, स, एची मात्रा, न. मग मोकळी जागा. मग ज, ओची मात्रा, श, ईची मात्रा. दहा देवनागरी चिन्हांचे ३० बाइट आणि मोकळ्या जागेचा एक, असे ३१. एक बाइट जास्त झाला. शेवटच्या मात्रेचे तीनपैकी दोनच बाइट आत येतात आणि ‘जोशी’च्या जागी ‘जोश’ आणि पुढे एक निरर्थक खूण उरते.

पुढच्या आवृत्त्यांनी लांबीचा प्रश्न सोडवला. लिपी ओळखण्याचा प्रश्न मात्र कधीकधी उरतो. टॅग यूटीएफ-८ मध्ये आहे आणि यंत्राने तो पश्चिम युरोपीय लिपीचा समजून वाचला, तर डोक्यावर तिरकी रेघ असलेलं रोमन अक्षर पुन्हा पुन्हा दिसतं आणि मधूनमधून जपानी येनचं चिन्हही येतं. याला यंत्रातला बिघाड म्हणता येत नाही. ‘एमपी३टॅग’सारख्या साधनात नाव पुन्हा लिहून आयडी३च्या २.३ आवृत्तीत, यूटीएफ-१६ या पद्धतीने जतन केलं, तर बहुतेक यंत्रांना ते वाचता येतं.

अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसत असतील, तर गोष्ट वेगळी. तिथे टॅग बरोबर आहे. त्या यंत्रात देवनागरीचा फाँटच नाही. अशा स्टिरिओसाठी वेगळ्या पेनड्राइव्हवर रोमन लिपीतली नावं दिलेलीच बरी. मूळ फाइलींतली मराठी नावं पुसायची गरज नाही.

दुकान बंद, गाणं बंद

कधी यादी बरोबर असते, फाइल उतरवलेली असते, यंत्रही ठाकठीक असतं. तरी गाणं राखाडी. इथे परवानगी अडते. स्ट्रीमिंग सेवेवर उतरवलेलं गाणं विकत घेतलेल्या कॅसेटसारखं आपलं होत नाही. ते कुलूपबंद असतं आणि त्याची किल्ली ठरावीक काळापुरती मिळते. स्पॉटिफायचा नियम पाहा: वर्गणीदाराला एका यंत्रावर जास्तीत जास्त १०,००० गाणी उतरवता येतात, अशी पाच यंत्रं चालतात, आणि प्रत्येक यंत्र ३० दिवसांत निदान एकदा तरी इंटरनेटला जोडावं लागतं. गावच्या घरात ठेवलेला आणि दिवाळीलाच बाहेर निघणारा टॅबलेट ही अट मोडतो, आणि उतरवलेली गाणी बंद होतात.

जुन्या टॅबलेटचं घड्याळही कारण ठरतं. बॅटरी पूर्ण संपून तारीख काही वर्षं मागे गेली असेल, तर सर्व्हरशी सुरक्षित जोडणी होत नाही. कारण सर्व्हरच्या ओळखपत्राची मुदत त्या चुकीच्या तारखेला लागू पडत नाही. लॉगिन होत नसेल तर पासवर्ड बदलण्याआधी तारीख बघावी.

दुसरा अडसर करारांचा. फेब्रुवारी २०१९ मध्ये स्पॉटिफाय भारतात आलं. त्यानंतर सारेगामा कंपनीच्या गाण्यांवरून वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला आणि ती गाणी सेवेवरून उतरवली गेली. सारेगामा म्हणजे पूर्वीची ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडिया. एचएमव्हीच्या तबकड्यांवरची असंख्य भावगीतं, नाट्यगीतं आणि चित्रपटगीतं तिच्याकडे आहेत. २०२० मध्ये दोन्ही कंपन्यांचा करार झाला आणि गाणी आली. मधल्या काळात कुणाचं ॲप बिघडलेलं नव्हतं. करार देशागणिक वेगळे असतात, म्हणून पुण्यातल्या आईने पाठवलेल्या प्लेलिस्टमधली काही गाणी न्यू जर्सीतल्या मुलीच्या फोनवर राखाडी दिसू शकतात. तिच्या खात्याचा देश वेगळा आहे.

तिसरी गोष्ट खात्याची. एका व्यक्तीसाठीच्या वर्गणीत साधारणपणे एका वेळी एकाच यंत्रावर गाणं वाजवता येतं. ऑफिसला निघालेल्या मुलाच्या फोनवरचं गाणं मध्येच थांबतं, कारण त्याच क्षणी आजीने घरच्या स्पीकरला भजन लावायला सांगितलेलं असतं. नेटवर्कला दोष देण्याआधी ‘हे खातं आत्ता आणखी कुठे चालू आहे?’ हे पाहावं.

सेवाच बंद झाली तर काय होतं, याचीही उदाहरणं आहेत. मायक्रोसॉफ्टने २००८ साली ‘एमएसएन म्युझिक’ या दुकानातून विकलेल्या गाण्यांच्या किल्ल्या देणारे सर्व्हर बंद करायचं जाहीर केलं. गाणी लोकांनी पैसे मोजून घेतली होती, पण नव्या संगणकावर ती उघडणार नव्हती. ओरड झाल्यावर मुदत वाढवावी लागली. ‘गूगल प्ले म्युझिक’ २०२० मध्ये बंद झालं, आणि भारतातल्या ‘विंक म्युझिक’ने २०२४ मध्ये काम थांबवलं. प्लेलिस्ट दुसरीकडे नेण्याची सोय अशा वेळी मिळू शकते. कुलूपबंद गाणी नेता येत नाहीत.

दोन स्पीकर, दोन घड्याळं

आता घुमणाऱ्या आवाजाकडे वळू. प्रत्येक डिजिटल स्पीकरमध्ये क्वार्ट्‌झ स्फटिकावर चालणारं घड्याळ असतं. पुढचा नमुना केव्हा वाजवायचा ते तेच ठरवतं. दोन स्फटिक तंतोतंत सारखे नसतात. त्यांच्यात दहा लाखांत ५० भागांचा फरक असेल, तर एका मिनिटात ३ मिलिसेकंदांची तफावत पडते. ऐकायला हे क्षुल्लक वाटतं. पण तासाभराचा राग दोन स्पीकरांवर लावला आणि कुणीच दुरुस्ती केली नाही, तर शेवटी ही तफावत १८० मिलिसेकंदांवर जाते. मिनिटाला २४० मात्रांच्या द्रुत तीनतालात एक मात्रा २५० मिलिसेकंदांची असते. विलंबित जुळलेलं होतं, द्रुतात एका खोलीतली सम दुसऱ्या खोलीत जवळजवळ पाऊण मात्रा उशिरा पडते.

कान थोडा फरक खपवून घेतो. साधारण ३० ते ४० मिलिसेकंदांच्या आत आलेले दोन आवाज मेंदू एकच मानतो. हेल्मूट हास यांनी १९४९ साली यावर संशोधन मांडलं, म्हणून याला हास परिणाम म्हणतात. त्यापलीकडे प्रतिध्वनी ऐकू येतो. आवाज स्वतःही वेळ घेतो: एका मिलिसेकंदात तो सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. दहा मीटर लांब दालनात दूरच्या स्पीकरचा आवाज २९ मिलिसेकंद उशिराच येतो, स्पीकर कितीही चांगले असले तरी.

अनेक खोल्यांत एकदम गाणं वाजवणाऱ्या यंत्रणा या तफावतीवर असा तोडगा काढतात. एक घड्याळ मुख्य मानलं जातं. बाकीचे स्पीकर त्याच्याकडे निरोप पाठवून, उत्तर यायला लागलेला वेळ मोजून आपला फरक काढतात. इंटरनेटवरची घड्याळं जुळवणारा, डेव्हिड मिल्स यांनी १९८५ च्या सुमारास घडवलेला एनटीपी नियमसंच याच कल्पनेवर चालतो. गाण्याच्या प्रत्येक तुकड्यावर ‘हा अमुक क्षणी वाजवा’ अशी वेळ लिहिलेली असते. स्पीकर तुकडे आधीच मागवून साठवून ठेवतात. या साठ्याला बफर म्हणतात. ज्याचं घड्याळ पुढे पळतं तो नमुन्यांचा वेग किंचित बदलून स्वतःला आवरतो. २०१८ साली आलेलं ‘एअरप्ले २’ आणि इतर कंपन्यांच्या यंत्रणा या जातीच्या आहेत.

म्हणून दोन वेगळ्या जातींचे स्पीकर, एक ब्लूटूथवर आणि एक वाय-फायवर, एकत्र जुळत नाहीत. ब्लूटूथमध्ये आवाज आधी आवळला जातो, हवेतून जातो, पलीकडे उलगडला जातो. यात १०० ते ३०० मिलिसेकंद सहज जातात. दोघांना बांधणारं सामायिक घड्याळ नसतं.

ब्लूटूथवर आवाज तुटत असेल, तर आजूबाजूला पाहावं. ब्लूटूथ, पुष्कळसे वाय-फाय राउटर आणि मायक्रोवेव्ह ओव्हन हे सगळे २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपासच असतात. गर्दी टाळायला ब्लूटूथ ७९ वाहिन्यांवर सेकंदाला १,६०० वेळा उड्या मारतं. तरीही मायक्रोवेव्ह चालू असताना किंवा फोन मागच्या खिशात असताना गाणं अडखळू शकतं, कारण शरीरातलं पाणी या लहरी शोषून घेतं.

वाय-फायवरचा स्पीकर फोनच्या यादीत दिसतच नसेल, तर दोन्ही एकाच नेटवर्कवर आहेत का ते बघावं. फोन घरच्या नेटवर्कवर आणि स्पीकर ‘गेस्ट’ नेटवर्कवर असेल, तर राउटर त्यांना एकमेकांपासून मुद्दाम वेगळं ठेवतो.

एक दुर्मीळ दोष गाणाऱ्यांच्या लगेच लक्षात येतो: गाणं किंचित जलद आणि वरच्या पट्टीत वाजतं. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांची फाइल यंत्राने ४८,००० च्या वेगाने वाजवली, तर सूर जवळजवळ दीड अर्धस्वराने (सेमिटोनने) चढतो. काळी एकमधलं गाणं पांढरी दोन ओलांडून काळी दोनकडे निघतं. अशा वेळी आवाजाच्या सेटिंगमधला नमुना-दर तपासावा.

शोधाचा क्रम

दोष शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी. तेच गाणं दुसऱ्या यंत्रावर, मग दुसरं गाणं त्याच यंत्रावर. दोष गाण्याबरोबर फिरला तर यादी, फाइल किंवा परवानगी. यंत्राबरोबर राहिला तर साठवण, सेटिंग किंवा जोडणी. त्यानंतर ब्लूटूथ सोडून वायरचा हेडफोन लावावा, आणि वाय-फाय सोडून मोबाइल डेटा. ॲप काढून टाकणं हा शेवटचा उपाय, आणि त्याआधी प्लेलिस्टच्या पडद्यांची छायाचित्रं घेतलेली असावीत.

चौकट : लक्षण आणि पहिली तपासणी

• नाव दिसतं, विमान मोडवर वाजत नाही – त्या यंत्रावर डाउनलोड झालेलं नाही.
• एकाच गाण्याची लांबी दोन यंत्रांवर वेगळी – चुकीची जुळवणी.
• फोनवर वाजतं, गाडीत वाजत नाही – कोडेक तपासा.
• पेनड्राइव्हवर प्रत्येक गाणं दोनदा – टिंब-अधोरेषेच्या फाइली काढा.
• मराठी नावाच्या जागी रोमन खुणा – टॅग पुन्हा लिहा; रिकामे चौकोन – यंत्रात फाँट नाही.
• उतरवलेलं गाणं एकाएकी बंद – यंत्र कधी ऑनलाइन होतं आणि त्याची तारीख काय, ते पाहा.
• गाणं मध्येच थांबतं – तेच खातं दुसरीकडे चालू आहे का?
• पडदा काळोखला की गाणं थांबतं – बॅटरी सेव्हरने ॲपला रोखलं आहे का?
• दोन स्पीकरांत प्रतिध्वनी – दोन्ही एकाच यंत्रणेचे आणि एकाच गटात आहेत का?

ज्या फाइली कुठल्याच भांडारात नाहीत

या सगळ्यात सर्वांत धोक्यात असतात ती घरची ध्वनिमुद्रणं: वाड्यातल्या बैठकीची कॅसेट, गावच्या कीर्तनाचं टेप, आजोबांनी म्हटलेली भूपाळी. यांची जुळणी कुठल्याही सेवेच्या भांडारात होणार नाही, कारण दुसरी प्रत जगात नाही. अशी फाइल सिंक होणाऱ्या एकाच फोल्डरमध्ये ठेवणं घातक आहे. एका फोनवर चुकून पुसली की ती सगळीकडून जाते.

साठ मिनिटांची कॅसेट सीडीच्या दर्जात उतरवली तर सुमारे ६३५ मेगाबाइट होतात. फ्लॅकमध्ये बांधली की साधारण निम्म्यावर येतात. ही मूळ प्रत दोन वेगळ्या डिस्कवर ठेवावी आणि तिसरी दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे द्यावी. फोनवर आणि गाडीत ऐकायला तिच्यापासून एमपी३ प्रत वेगळी काढावी. आणि टॅगमध्ये फक्त रागाचं नाव लिहून थांबू नये. पेटीवर कोण होतं, तबल्यावर कोण, बैठक कुणाच्या घरी आणि कोणत्या वर्षी झाली, हे लिहायला दहा मिनिटं लागतात. ते सांगू शकणारी माणसं घरात आहेत, तोवरच हे काम करून घ्यायला हवं.